तपासणी अपुरी राहिली

आमच्या सोसायटीत एक माणूस स्वतःची खुर्ची काखेत घेऊन फिरतो. लोखंडी, घडीची, हिरव्या पट्ट्यांची. तो तुमच्या घरी आला की चपला दाराशी काढतो, आत येतो, तुमच्या सोफ्याकडं ढुंकूनही बघत नाही, काखेतली खुर्ची खट्कन उघडतो आणि तिच्यावर ताठ बसतो. चहा विचारलात तर पिशवीतून पाण्याची बाटली काढून दाखवतो. म्हणजे बोलणंच खुंटलं.

मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला हसू आवरेना. मी म्हटलं, "आबा, आमच्या सोफ्याला ढेकणं नाहीत."

"ढेकणांचा प्रश्न नाय, केमिस्टबाई. ज्याची तपासणी करायची त्याच्या खुर्चीत बसू नाय. बसलं की माणूस मऊ पडतो."

आणि मग उजव्या हाताचं बोट कपाळावर दोनदा आपटून ते म्हणाले, "नोंद झाली." कशाची नोंद झाली ते मला आजही कळलेलं नाही. ते कागदावर काही लिहीत नाहीत. सगळं कपाळाच्या आत.

नाव खंडेराव शिंगाडे. अख्खी सोसायटी त्यांना आबा म्हणते. वाळूजच्या एका कंपनीत ते जन्मभर गेटवर होते. आत काय गेलं, बाहेर काय आलं, कुणाच्या डब्यात भाकरी आहे आणि कुणाच्या डब्यात भाकरीखाली पितळेचा नट आहे, हे बघण्यात त्यांची हयात गेली. तेव्हा बजाजनगरात राहायचे. निवृत्त झाल्यावर मुलानं इकडं शहराच्या कडेला, सातारा डोंगराच्या पायथ्याशी, आमच्या श्रमसाफल्य सोसायटीत फ्लॅट घेऊन दिला आणि तो स्वतः पुण्याला गेला. आबा आले त्याच वर्षी सेक्रेटरी झाले. बिनविरोध. कारण आमच्याकडं सेक्रेटरी होणं म्हणजे नळाला पाणी नसलेल्या दिवशी पहाटे उठून टँकरवाल्याला फोन करणं, त्याच्या शिव्या खाणं आणि मग बिल्डिंगच्या शिव्या खाणं. आणि आमच्या शहरात नळाला पाणी नसलेले दिवसच जास्त.

आबांनी आल्या आल्या जिन्याखालच्या भिंतीवर नियम रंगवून घेतले. त्यातला नववा असा: "सदनिकेत राहावे. धंदा करू नये." माझं नियमांशी वाकडं नाही. मी स्वतः वाळूजला एका कारखान्याच्या लॅबमध्ये रंगाच्या थराची जाडी तपासते. आमच्या सगळ्या भावकीत कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली, केमिस्ट्री घेऊन बी. एस्सी. झाले, आणि हे मी कुणी विचारो न विचारो, सांगतेच. नियम काय असतो ते मला कळतं. पण आबांचा नियम कुठं सुरू होतो आणि कुठं संपतो, हे कळायला केमिस्ट्री पुरत नाही.

दुसऱ्या मजल्यावरची वैशाली घरात बायकांच्या भुवया कोरायची. आबा खुर्ची घेऊन गेले. समोर बायका दोन बोटांनी भुवया ताणून धरून बसलेल्या, मधोमध आबा ताठ.

"या भुवया घरच्या का भायेरच्या?"

वैशाली म्हणाली, "आबा, भुवया तर ज्याच्या त्याच्याच असतात."

आबा बराच वेळ विचारात पडले. पंखा फिरत होता. मग म्हणाले, "गेटाच्या आतल्या भुवया चालतील. गेटाभायेरच्या नाय. नोंद झाली."

तिथून आमच्याकडं कायदा ठरला: गेट. जे गेटातून येतं आणि गेटातून जातं, तो धंदा. देशमुखबाई काळा मसाला करून विकायच्या. त्यांनी सुकं खोबरं आणि मिरची भाजायला घेतली की तिन्ही मजले शिंकायचे. आबा तपासणीला गेले आणि खुर्चीवर बसल्या बसल्या इतके शिंकले की खुर्ची घडी व्हायला आली. डोळे पुसत म्हणाले, "बाई, घरातल्या घरात शिंक आली तर ते राहणं झालं. पण शिंक गेटाभायेर गेली तर धंदा." मग खुर्ची उचलून गेटाच्या बाहेर रस्त्याच्या कडेला जाऊन बसले, शिंक येते का बघत. उन्हात बसलेला तो माणूस, समोर धुरकट डोंगर, शेजारून जाणारी गाढवं. आम्ही सगळ्या गॅलरीत श्वास धरून उभ्या. आणि आली हो शिंक. देशमुखबाई आता शहागंजात बहिणीकडं मसाला करतात. तिथली माणसं शिंकतात.

पहिल्या मजल्यावरच्या रोहितची गोष्ट निराळी. तो अमेरिकेतल्या कंपनीचं काम घरून करतो. तिकडं दिवस असतो तेव्हा हा जागा, इकडं दिवस असतो तेव्हा हा झोपलेला. बोलायला गोड पोरगा, पण डोळे कायम सुजलेले. आबांनी त्याचीही तपासणी केली.

"कंपनी कुठं हाये तुझी?"

"अमेरिकेत, आबा."

"आन् माल?"

"माल नसतो. सगळं लॅपटॉपवर."

"म्हंजी गेटातून आत बी काय येत नाय, भायेर बी काय जात नाय?"

"नाही."

"मग पगार कशाचा देतात तुला?"

रोहित म्हणे खाली बघून म्हणाला, "मलाही कधीकधी तेच वाटतं." आबांना त्याची दया आली. म्हणाले, "जे गेटातून जात नाय त्याला धंदा म्हणता येत नाय. राहू दे."

इथपर्यंत सगळी मजाच होती. मजा माझ्या दारात आली तेव्हा मात्र हसू पळालं.

माझी मुलगी रेवा. ती झाली आणि माझी रजा संपली. नवरा जालन्याला, कारखान्यात पाळीनं. सासूबाई नाहीत. माझे आईवडील मेंढरांमागं. आम्ही धनगर, मी ते कुणापासून लपवत नाही. दिवाळी झाली की गंगापूरच्या पुढं गोदावरीकडं उतरायचं, मोकळ्या झालेल्या शेतांत मेंढरं बसवायची. आई म्हणाली, "आण हिकडं. तू नाय का वाढलीस?" मी वाढले, हे खरं. पण नदीकाठचा तो गारठा मला माहीत होता. लेकरू असं रानात पाठवून मला इथं रंगाचा थर तपासत बसवणार नव्हतं. तेव्हा एकच उरत होतं, नोकरी सोडणं. ज्या नोकरीसाठी माझ्या बापानं कळपातलं एकेक मेंढरू कमी केलं, ती.

तेव्हा तळमजल्यावरच्या शकूमावशी म्हणाल्या, "ठिव माझ्यापाशी. मला बी करमंल." मावशी एकट्या. रेवा गेली, मग वैशालीचा मुलगा गेला, मग बाहेरची दोघंतिघं आली. बाहेरच्या खोलीत चटया, भिंतीला चिकटवलेले कागदाचे मोर, दाराला जुन्या साडीचा पडदा. मी सकाळी कंपनीच्या बसला जाताना रेवाला तिथं सोडायची आणि दिवसभर निवांत असायची. पाळणाघर हा शब्द आम्ही मुद्दाम कुणी उच्चारत नव्हतो.

पण लेकरं गेटातूनच येतात. आणि संध्याकाळी गेटातूनच जातात. आबांच्या नजरेतून नट सुटला नाही, तिथं पाठीवर सशाचं दप्तर लावलेलं लेकरू काय सुटणार?

एक दिवस मी रेवाला घ्यायला गेले तर मावशी पदर तोंडाला लावून हसत होत्या. "आबा आलते गं तपासणीला!"

"मग?"

"मग काय! बरोबर दुपारचे आले. म्हणले, आमच्या गेटावर बी चोर दुपारीच सापडायचा. लेकरं नुकती जेवून आडवी झालती. खुर्ची उघडली आन् म्हणले, 'मावशी, मी हितं नाय असं समजा.' मी म्हणलं, बरं, नाय तर नाय. मी आपली लेकरांना थापटतेय. पंखा फिरतोय. जराशानं बगते तर आबांची मान खाली. झोपले की गं बया! ताठ बसल्या बसल्या! चार वाजता लेकरं उठली तसे उठले. इकडं तिकडं बगितलं आन् म्हणले, 'तपासणी अपुरी राहिली. उद्या येतो.'"

उद्या आले. झोपले. तपासणी अपुरी राहिली. परवा आले.

असं पुष्कळ दिवस चाललं. दुपारी जेवणं आटोपली की जिन्यात लोखंडी खुर्ची कठड्याला लागल्याचा आवाज यायचा, आणि मावशी आपोआप पंख्याजवळची एक जागा मोकळी करायच्या. आबा बसायचे, भुवया ताणून एकदा सगळ्या लेकरांवरून नजर फिरवायचे आणि ती नजर शेवटच्या लेकरापर्यंत पोचायच्या आत मिटायची. मावशी म्हणायच्या, "लेकरांत बी एवढं लवकर कुणी झोपत नाय." बाहेर ऊन पांढरं व्हायचं, डोंगर हवेत तरंगल्यासारखा हलायचा, आणि आत सगळी सोसायटीची कायदा-सुव्यवस्था तोंड किंचित उघडं टाकून गाढ झोपलेली असायची.

तक्रार केली ती रोहितनं. त्याचाही दोष नाही. तो सकाळी झोपायचा आणि खाली लेकरं गाणी म्हणायची. झोपेसाठी माणूस काय करील सांगता येत नाही. त्यानं सोसायटीच्या ग्रुपवर लिहिलं, नियम नऊ सगळ्यांना सारखा आहे ना? मग खालचं पाळणाघर कसं चालतं? शब्द एकदा लिहिला गेला. रविवारी सकाळी पार्किंगमध्ये मीटिंग ठरली. मी शनिवारीच मनात राजीनाम्याची भाषा जुळवून बघितली. इंग्रजीत चांगली जुळली, म्हणून आणखीनच रडू आलं.

मीटिंगला सगळे प्लास्टिकच्या खुर्च्यांवर, आबा आपल्या. रोहित उभा राहिला. "आबा, माझं कुणाशी वैर नाही. पण तुम्ही रोज तपासणीला जाता. मग काय ते सांगा. धंदा आहे की नाही?"

आबा उठले. खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभे राहिले. आता हा माणूस खोटं बोलणार नाही, हे मला माहीत होतं, आणि त्या क्षणी त्यानं खोटं बोलावं असं मला फार वाटलं.

"मला सांगता येत नाय," आबा म्हणाले.

"का? इतक्या वेळा गेलात की!"

"गेलो. पण मी काय बगितलंच नाय. मी झोपलेला व्हतो."

पार्किंगमध्ये असा हशा उठला की गेटावरचे कावळे उडाले. देशमुखबाई तर मसाला लागल्यासारख्या खोकायला लागल्या. आबा हसले नाहीत. हशा संपेपर्यंत थांबले.

"हसा. पर आयका. पाळणाघरात काय मिळतं? झोप मिळती. ती मी रोज घेतली. म्हंजी मी त्या धंद्याचं गिऱ्हाईक झालो. आन् गिऱ्हाईकानं तपासणी करायची नसती, हे मी गेटावर शिकलोय. म्हणून मी सेक्रेटरीपद सोडलं. तुमी दुसरा नेमा, त्यो ठरवील. नोंद झाली."

आणि बसले. प्रत्येकाच्या डोळ्यापुढं टँकर उभा राहिला. पहाट, फोन, शिव्या. जो तो दुसऱ्याकडं बघायला लागला. वैशालीच्या नवऱ्याला एकदम कुणाचा तरी फोन आला. मी संधी सोडली नाही. मी उठून म्हटलं, "रोहित, तू हो सेक्रेटरी. पहाटे तू जागाच असतोस."

"ताई, प्लीज," रोहितनं हात जोडले. "मला झोप पाहिजे हो. दुसरं काही नको."

"मग दुपारी झोप की रं बाबा!" शकूमावशी मागून कडाडल्या. "दुपारी माझ्या घरात टाचणी पडली तर आवाज येतो. सकाळची गाणी मी आतल्या खोलीत घेते. पर दुपारी मिक्सर कुणाकुणाचे चालतात ते बी इचार!"

मग बोलणी नियमावरून झोपेवर आली, आणि झोपेवर सगळ्यांचं एकमत होतं. ठरलं असं: दुपारी एक ते चार कुणी मिक्सर, कुकर, ड्रिल चालवायचं नाही. आणि नियम नऊमध्ये, "लेकरं सांभाळणे हे राहण्यातच धरावे," अशी एक ओळ वाढवायची. हात वर झाले. रोहितचा सगळ्यात आधी. आबांनी मात्र हात वर केला नाही. ते गिऱ्हाईक होते. राजीनामा मात्र सगळ्यांनी मिळून परत घ्यायला लावला. टँकर सोमवारी होता.

माझी नोकरी राहिली. घरी येऊन मी पहिलं काम काय केलं असेल, तर रेवाशेजारी पडून झोपले.

पण त्या सोमवारपासून आबांची खुर्ची गेटाशीच दिसायला लागली. तपासणी संपली होती. पाळणाघर नियमात बसलं, म्हणजे तिथं जायला त्यांना काही कारणच उरलं नाही. आणि विनाकारण कुणाच्या घरी जाऊन बसायचं, हे त्यांच्या कपाळाच्या आत कुठंच लिहिलेलं नव्हतं. दुपारी सगळी बिल्डिंग गपगार झोपायची आणि आबा उन्हाच्या झळीत गेटाशी लाल डोळ्यांनी जागे.

एका सकाळी मी बसची वाट बघत उभी होते. आबा एकदम म्हणाले, "केमिस्टबाई, तुमच्यात कोकरांपाशी कोण निजायचं?"

मी चमकून बघितलं. हे आमच्यातलं विचारणं होतं. मेंढरं चरायला जातात तेव्हा ताज्या कोकरांना नेत नाहीत. दोरीचं जाळं खुंट्यांना ताणून त्यांच्यासाठी कुंपण करतात, त्याला आम्ही वाघूर म्हणतो. मी म्हटलं, "माझा चुलता. म्हणजे तुम्हीबी?"

"व्हय तर. आमच्यात माझा बाप. वाघराच्या तोंडाशी आडवा निजायचा. त्याला वलांडल्याबिगर कोकरू भायेर जात नाय आन् लांडगं आत येत नाय. मी ल्हान, मला आत कोकरांत टाकायचे. कोकरू झोपंत नाकानं फुरफुर करतं, ठावं हाये ना? त्या फुरफुरीत अशी झोप लागायची..." ते डोंगराकडं बघत राहिले. डोंगर सकाळचा होता, निळा, अर्धा विरलेला. "आमची मंडळी गेल्यापासून घरात श्वास एकच. त्यो बी आपलाच. आयकत बसलं की झोप येत नाय बगा."

माझी बस आली. खिडकीतून मागं बघितलं तर ते कपाळावर बोट न आपटता नुसते बसले होते.

संध्याकाळी मी हे मावशींना सांगितलं. मावशींनी ऐकून घेतलं आणि रेवाचे केस बांधले. दुसऱ्या दिवशी मात्र त्यांनी गेटाशी जाऊन भर लोकांत आबांशी भांडण काढलं, असं मला वैशालीकडून कळलं.

"आवो आबा, तुमी गेटावरचे ना? मग माझं गेट कोण बगणार? मी जरा डोळा लावला की लेकरं पडदा सारून भायेर! उद्या एखादं रस्त्यावर गेलं तर सोसायटीचं नाव जाईल. मला गेटावर माणूस पायजे."

"म्हंजी ड्यूटी?" आबांनी विचारलं.

"ड्यूटीच! एक ते चार."

"ड्यूटी असंल तर यावं लागंल," आबा म्हणाले, आणि खुर्ची घडी केली.

थोड्या दिवसांनी आमच्या कंपनीत वीज गेली आणि आम्हाला दुपारीच सोडलं. मी गेटातून आत आले तेव्हा सोसायटी पाण्याखाली बुडाल्यासारखी होती. वरच्या गॅलरीत रोहितचा पडदा लावलेला. वाळत घातलेल्या साड्यासुद्धा हलत नव्हत्या. रेवाला घेऊन घरी जावं म्हणून मी मावशींच्या दारापाशी गेले आणि थांबले.

आबांची खुर्ची दाराबाहेर होती, उघडी आणि रिकामी. मी पडद्याची कड अगदी थोडी सारली. आत निळसर अंधार. चटयांवर लेकरं जशी पडली तशी झोपलेली, भिंतीला टेकून मावशीही. आणि उंबऱ्याच्या आतल्या बाजूला, दाराच्या या चौकटीपासून त्या चौकटीपर्यंत, आबा जमिनीवर आडवे. दुसऱ्याच्या सोफ्याला न शिवणारा माणूस मावशींच्या फरशीवर उशीसुद्धा न घेता झोपला होता. रेवा कधीतरी लोळत त्यांच्यापर्यंत आली असावी. तिचं कपाळ त्यांच्या पाठीला लागलेलं होतं. सगळ्यांचे श्वास ऐकू येत होते, लहान लहान, पुढं मागं, आणि त्यांत एक मोठा.

आत जायचं तर त्यांना ओलांडावं लागलं असतं.

मी पडदा सोडला. त्या हिरव्या खुर्चीत मी आजवर आबांशिवाय कुणाला बसलेलं बघितलं नव्हतं. पर्स मांडीवर घेऊन मी तिच्यावर बसले आणि चार वाजायची वाट बघत राहिले.